सत्तर पौंडांचं धनुष्य

"पाय वर कर. दोनी. जमिनीले टेकले नाही पाहिजे," भोयरभाऊ म्हणाले.

मी दुकानातल्या लाकडी खुर्चीत बसलो होतो. डाव्या हातात कोरं करकरीत कंपाउंड धनुष्य, उजव्या मनगटाला बाण सोडायचा चाप, आणि समोर वीस यार्डांवर फोमच्या गठ्ठ्यावर चिकटवलेला कागद. माझं वय त्रेपन्न. शेजारी दोन गिऱ्हाइकं हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत होती.

"भाऊ, असं बसून कोण मारतं?"

"मंग झाडावर काय नाचत मारशीन? तिथंबी बसूनच मारा लागते. पाय उचलून, धनुष्य सरळ समोर धरून, गुमान वढता आलं तर ते तुह्यं. वर आभाळाकडे करून वढा लागलं, का ते तुह्यं नाही. ठेवून दे."

भोयरभाऊ उमरेडचे, मी कागलचा. गावाकडे असतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या एका फाउंड्रीत ते माझ्या आधी पंधरा वर्षं लागले होते. मी नवीन असताना पहिल्या थंडीत त्यांनी मला आपला जुना कोट दिला आणि दुसऱ्या थंडीत आपलं जुनं धनुष्य. शिकार मी त्यांच्याकडून शिकलो. वारा कुठून येतो ते बघायचं, तीन-तीन तास खोकायचं नाही, आणि हरणाचा खांदा नीट दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. इकडे त्याला परवाना असतो, ठरलेला हंगाम असतो, सगळं रीतसर असतं. आठ वर्षं मी बाणाने शिकार केली, मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि पुढची आठ वर्षं धनुष्य माळ्यावर पडून राहिलं. त्या वर्षी डॉक्टरांनी हात मोकळा केला. माळ्यावरचं धनुष्य काढून बघतो तर दोर विरलेले, चाकांना गंज. मग नवीन घ्यायचं ठरलं.

घरातून निघताना वृंदा म्हणाली होती, "निघाले शिवधनुष्य पेलायला! रावणासारखं छातीवर पडलं तर मला हाक मारू नका, मी भाजी निवडतेय." माझ्या बायकोला चेष्टेशिवाय निरोप देता येत नाही.

दुकानाचा मालक ग्लेन याने माझ्या पसरलेल्या हातांचं माप घेतलं आणि दोन धनुष्यं पुढे ठेवली. एक जरा लांब, चाळीस ते पन्नास पौंडांच्या ओढीचं. दुसरं आखूड, काळंभोर, साठ ते सत्तरचं. कंपाउंडचं गणित सोपं असतं. निम्म्यापर्यंत ओढताना सगळं ओझं हातावर येतं, मग टोकांची चाकं फिरतात आणि हात एकदम हलका होतो. त्या निम्म्याच्या अलीकडेच काय ती माणसाची परीक्षा.

"लांबडं घे," भाऊ म्हणाले. "पंचेचाळीसवर बसवून घे. हरनाले पंचेचाळीस लय झाले. मी बेचाळीसनं मारतो."

हे त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, आणि मला ते झोंबलं. भाऊ तेव्हा सत्तरीला टेकलेले, शिडशिडीत, डोळ्यांना चष्म्याचा नंबर पुरेनासा झालेला. आणि मी पूर्वी सत्तर पौंड ओढणारा गडी. फाउंड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. 'सेव्हंटी' म्हणूनच हाक मारायचे मला. म्हाताऱ्यापेक्षा तीनच पौंड वर? शेजारची गिऱ्हाइकं बघत होती. खरं सांगायचं तर ती नसती तरी मी तेच केलं असतं.

मी काळं धनुष्य उचललं. भाऊ उजव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाय."

त्या खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जोडणारी एक आडवी दांडी होती. मी पाय उचलले आणि दोन्ही टाचा त्या दांडीमागे अडकवल्या. जमिनीला पाय नव्हते हे खरं, पण रेटा द्यायला दांडी होती. दात आवळून दोर ओढला. चाकं फिरली, हात हलका झाला, आणि बाण कागदाच्या मधोमध बसला.

भाऊंना टाचा दिसल्या नाहीत. त्यांना त्या दिसणार नाहीत हे मला माहीत होतं. ग्लेनला दिसल्या असाव्यात. त्याने एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खोका आणायला आत गेला.

"वढलं का बे!" भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मले वाटलं खांदा गेला तुह्या. घे मंग. मी कोन नाही म्हननारा?"

किती खूश झाले होते ते! मीही हसलो.

आम्ही शिकार करायचो ती रूथबाईंच्या रानात. एकटी विधवा बाई, साठीची, मक्याचं शेत, त्यामागे ओकची झाडी आणि तिच्या कडेने जाणारा ओढा. तिच्या रानात शिरायला गावातले कितीतरी लोक टपलेले असत, पण परवानगी होती ती फक्त भाऊंना, बावीस वर्षांपासून, आणि त्यांच्या शब्दावर मला. अट एकच. बाण हरणाला लागला आणि हरीण तिथंच पडलं नाही, तर लगेच तिला सांगायचं. ती कुत्रा घेऊन येणार आणि जनावर सापडेपर्यंत सगळ्यांनी शोधायचं. फार पूर्वी कुणीतरी एक जखमी हरीण तसंच सोडून गेला होता आणि ते किडे पडलेल्या अवस्थेत, जिवंत, तिच्या नवऱ्याला सापडलं होतं. तेव्हापासून ही अट. "नेम चुकण्याला माझी हरकत नाही," ती म्हणायची. "मला न सांगण्याला आहे."

भाऊंना त्या रानाचं काय होतं ते मी कसं सांगू? बायको वारलेली, मुलगी दूर टेक्सासात. वर्षभर ते आल्यागेल्याशी त्या ओढ्याबद्दल बोलत. रूथबाईंच्या पडवीत बसून दोघं न बोलता तासन्‌तास कॉफी पीत. त्या वर्षी तिने त्यांना एकदोनदा विचारलंही होतं, "मधू, तुला अजून नीट दिसतं ना?" भाऊ म्हणायचे, वीस यार्डांपर्यंत दिसतं, त्याच्या पुढचं मी मारतच नाही. हा आपला शेवटचा हंगाम, हे मात्र त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. उजाडायच्या आत आम्ही रानात पोचलो. भाऊ मक्याच्या कडेच्या मचाणावर, मी ओढ्याकडच्या. मध्ये तीनेकशे पावलांचं अंतर. गवतावर हिव पडलेलं. अंगावर चार थर कपडे, आणि तरी दोन तासांनी माझा खांदा लाकडासारखा झाला.

साडेनऊच्या सुमाराला हरिणी आली. एकटीच होती, ओकची फळं हुंगत, अगदी सावकाश. अठरा यार्डांवर ती आडवी उभी राहिली. खांदा उघडा. याहून चांगली संधी मिळत नसते.

मी धनुष्य समोर धरून दोर ओढला. तो निम्म्यावर आला आणि अडला. खाली पाय लोंबकळत होते, रेटा द्यायला काही नव्हतं. मी दोर हळूच परत सोडला. हरिणी अजून खातच होती. तेव्हा मी ते सोडून द्यायला हवं होतं. ती गेली असती, दुसरी कधीतरी आली असती. मी धनुष्य आभाळाकडे केलं, सगळं अंग मागे टाकलं आणि ओढलं.

चाकं फिरली. पण एवढ्या हालचालीने तिने मान वर केली होती. खांद्यात कळ गेली. आता धरवत नाही आणि सोडवतही नाही अशी गत. ती वळली, आणि माझं बोट चापावर पडलं.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. हरिणी पळाली नाही. पाठ कमानीसारखी करून ती क्षणभर उभी राहिली आणि मग चालत, चालतच, ओढ्याकडे गेली. बाण कुठे लागला की हरीण असं चालतं, हे भाऊंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

मी खाली उतरलो. बाण आरपार जाऊन गवतात पडला होता. त्यावर रक्त थोडं, आणि हिरवट चिकट घाण. वास आला. पोटात लागला होता. अशा वेळी काय करायचं तेही मला पाठ होतं. मागे धावायचं नाही, सहासात तास जाऊ द्यायचे, रूथबाईंना सांगायचं, आणि दुपारी कुत्रा घेऊन निघायचं. हरीण बहुतेक वेळा सापडतं. नुसतं सांगायचं होतं.

पण सांगितलं असतं तर भाऊंनी विचारलं असतं, अठरा यार्डांवर आडवी उभी असताना पोटात कसा लागला? मग ओढता न आल्याचं निघालं असतं. मग खुर्चीचं निघालं असतं. एवढंच होतं ते. या एवढ्याशा गोष्टीसाठी मी ओकची वाळकी पानं गोळा केली, बाण तीनदा पुसला आणि भात्यात ठेवून दिला.

तासाभराने भाऊ आले.

"आवाज आला. मारला का?"

"चुकला."

"चुकला?"

"पाठीवरून गेला."

"रगत पाह्यलं का?"

"पाह्यलं. नाहीये."

भाऊ वाकून गवताकडे बघत राहिले. त्या गवतातलं त्यांना काहीही दिसत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "चाल मंग."

पिकअप ट्रकमध्ये भाता आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलेला होता. मैलभर गेलो असू, भाऊंनी आपल्या बाजूची काच खाली केली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

"भाऊ, गारठा आत येतोय."

"येऊ दे," ते म्हणाले. घर येईपर्यंत त्यांनी काच वर केली नाही.

बुधवारी रूथबाईंचा फोन आला, दोघंही या म्हणून. दुपारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात उभे होतो. एरवी दारातून शिरताच कॉफीचा कप हातात यायचा. त्या दिवशी तिने बसाही म्हटलं नाही.

रूथबाईंना हरिणी ओढ्याच्या वळणावर सापडली होती, लव्हाळ्यात, निम्मी पाण्यात. पोटात लागलेल्या जनावराला तहान लागते, म्हणून ते पाण्याकडे जातं. काठाने पातळ बर्फ धरलं होतं. शनिवारी सकाळी तिथं बर्फ नव्हतं, ते रविवारी पहाटे धरलं, असं रूथबाई म्हणाल्या. "आणि ते तिच्या भोवती सगळीकडे फुटलेलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे रविवारी ती जिवंत होती. पाय झाडत होती."

कुत्रा टेबलाखाली झोपला होता.

"या रानात तुम्हा दोघांखेरीज कोणी येत नाही. कुणाचा बाण होता?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईसमोर आम्ही मराठीत कधी बोलत नसू. तिच्या घरात तिला न कळणारी भाषा बोलणं भाऊंना उद्धटपणाचं वाटायचं. त्या दिवशी ते मराठीत बोलले.

"जयसिंग, बान चुकला का तू चुकला? येवढंच सांग. तिले समजत नाही. माह्यापाशी सांग, मंग तिले काय सांगाचं ते आपून दोघं पाहू."

इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. दार उघडून दिलं होतं त्यांनी मला. एक शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, "बाण."

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि रूथबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "माझा होता. मला वाटलं वरून गेला. माझे डोळे आता गेलेत, रूथ. तू विचारत होतीस, मी खोटं सांगत होतो."

"बावीस वर्षं, मधू," रूथबाई म्हणाल्या.

"होय."

"आता यापुढे तू रानात जाऊ नयेस."

"होय. पण याला येऊ दे. याचा हात साफ आहे."

मी तिथंच उभा होतो. पायाखालच्या फरशीवरचे निळे चौकोन मोजत होतो असं म्हटलं तरी चालेल. रूथबाईंनी मान डोलावली आणि मी "थँक यू" म्हणालो. हो, मी थँक यू म्हणालो.

परत येताना गाडी मी चालवत होतो. गावाची पाटी आली तेव्हा धीर करून म्हणालो, "भाऊ, तुम्ही असं का केलंत?"

"मले तसंबी दिसत नाही आता. माह्यं होऊनच गेलं होतं. तुह्यं कायले जाऊ देऊ?" मग म्हणाले, "ते सत्तरचं देऊन टाक. पंचेचाळीसचं घे. खांदा मोडशीन नाही त."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. वासावरूनच कळलं होतं त्यांना. आता तरी बोलायचं. गाडीत आम्ही दोघंच, लपवायचं काही उरलेलं नाही, ऐकणारा दुसरा कुणी नाही. आणि मी काय बोलावं?

"भाऊ, माझा बाण खरंच वरून गेला होता."

"बरं," भाऊ म्हणाले.

धनुष्य मी बदललं. ग्लेनने काही न विचारता लांबडं काढून दिलं. त्या धनुष्याने मी रूथबाईंच्या रानात पुढची सहा वर्षं शिकार केली. एकही बाण वाया गेला नाही, एकही जनावर तडफडलं नाही. दरवर्षी मांसाचा मोठा वाटा भाऊंकडे घेऊन जायचो. ते सावजी मसाल्यात रस्सा करायचे, नाकाडोळ्यांतून पाणी येईल असा, आणि मला बसवून वाढायचे. ओढ्याला पाणी किती आहे, ओकला फळं कशी आहेत, रूथ बरी आहे ना, एवढं विचारायचे. ती आता त्यांना पडवीतही बोलवत नव्हती. मनात राग नव्हता तिच्या, पण ते दिसले की तिला ते बर्फ आठवायचं, असं तिनेच मला सांगितलं. हे मी भाऊंना कळवलं नाही. तीच आजारी असते, असं सांगत राहिलो.

दरवर्षी ठरवायचो, यंदा सांगू. वृंदाला सांगू, मग रूथबाईंना, मग भाऊंचे पाय धरू. वृंदालासुद्धा सांगितलं नाही. चेष्टेवारी नेणारी बाई ही, पण या गोष्टीची तिने चेष्टा केली नसती, म्हणून.

भाऊ सप्टेंबरात गेले. मुलगी टेक्सासहून आली. रविवारी सकाळी गावातल्या एका हॉलमध्ये सगळी जमली, फाउंड्रीतले म्हातारे, पाचसहा मराठी घरं, ग्लेन. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी त्यांच्या जुन्या कोटाबद्दल बोललो. लोक हसले, काही रडले. मी खाली बसल्यावर मागच्या रांगेतून रूथबाई काठी टेकत उठल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "मधूच्या हातून माझ्या रानात बावीस वर्षांत एकच वाईट गोष्ट झाली. त्याने ती माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, टोपी काढून कबूल केली. कारणं सांगितली नाहीत. मी त्याला परत कधी बोलावलं नाही, याचं आता मला वाईट वाटतं. चूक कबूल करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत."

हॉलमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंची मुलगी पदराने डोळे पुसत होती. बापाच्या हातून काय वाईट झालं होतं हे तिला त्या दिवशीच कळलं. वृंदा माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊंनी कधी बोलून नाही दाखवलं हो." बाण भोयरभाऊंचा नव्हता, एवढं एक वाक्य होतं. उठायचं आणि म्हणायचं. त्यांच्या लेकीसाठी तरी म्हणायचं.

मीही मान डोलावली.

बाहेर गाड्यांपाशी रूथबाईंनी माझा हात हातात घेतला. "शनिवारी हंगाम सुरू होतोय," त्या म्हणाल्या. "तू येशील ना? मधूला बरं वाटेल."

मी हो म्हणालो, आणि शनिवारी गेलोही.